पालखीसाठी राखून ठेवलेला पाय

नर्सिंगच्या विद्यार्थिनीने वॉर्डातल्या पोस्टिंगचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा, यावर आमच्या पुस्तकात एक अख्खा धडा होता. तो मी वाचलेला नाही. तेच ज्ञान हॉस्टेलच्या मेसमध्ये सीनियर मुली आमटीबरोबर फुकट वाढायच्या, आणि ते आमटीपेक्षा घट्ट असायचं.

पहिलं ज्ञान असं, की वॉर्डात रिकाम्या हाताने फिरू नये. हातात ट्रे धरावा आणि घाईघाईने चालावं, म्हणजे कुणी काम सांगत नाही. मी एकदा रिकामा ट्रे घेऊन सकाळभर अशी काही धावले, की एका पेशंटच्या जावयाने हात जोडून विचारलं, "सिस्टर, एवढं सीरियस कोण आहे? आमचेच नाहीत ना?"

दुसरं ज्ञान केस निवडण्याचं. प्रत्येक पोस्टिंगला विद्यार्थिनीने एक पेशंट आपली 'केस' म्हणून घ्यायचा असतो. त्याचं अंग पुसण्यापासून त्याला चालवण्यापर्यंत सगळं करायचं, आणि शेवटी ट्यूटर मॅडम त्याच्या खाटेपाशी येऊन आपली परीक्षा घेतात. "केस मासळीसारखी निवडायची," सीनियर सांगायच्या. "कल्ले उचलून बघायचे. फार ताजी नको, ती घरी जाते. फार शिळी नको, ती देवाघरी जाते. बोलकी हवी, पण मॅडमसमोर मुकी हवी."

रत्नागिरीतल्या ज्या सरकारी रुग्णालयात आमची पोस्टिंग होती, तिथल्या हाडांच्या वॉर्डात मी पोचले तेव्हा चांगली मासळी संपली होती. बस चुकली, दुसरं काय! माझ्या रूममेटने हर्णेचा एक खलाशी पटकावला होता. हात मोडलेला, दात सगळे शाबूत, "हो ताई, बरं ताई" करणारा. बाकीच्यांनीही आपापले पाय, मांड्या, मनगटं वाटून घेतली होती. माझ्या वाट्याला भिंतीकडेची खाट आली, आणि त्या खाटेवर आजोबा.

संगमेश्वरकडच्या एका वाडीतले शेतकरी. वय विचारलं तर सांगायचे, "मोठ्या पुरात मी शाळेत होतो." कुठला पूर, ते पुराला ठाऊक. टीव्हीच्या डिशची थाळी सरळ करायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, झकास झालं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून चालवा. आणि आजोबांनी खाटेवरून उठायला साफ नकार दिला.

इथे मला माझं संकट सांगून टाकू द्या. ट्यूटर मॅडमनी फर्मान काढलं होतं, की हाडांच्या वॉर्डात जिची केस परीक्षेच्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत आणि परत नीट चालणार नाही, तिने पोस्टिंग पुन्हा करायची. कधी? शिमग्याच्या सुट्टीत. आता कोकणातल्या माणसाची दिवाळी हुकली तर तो फराळ नंतर खातो. पण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. देव वर्षातून एकदाच स्वतःच्या पायांनी, म्हणजे लोकांच्या खांद्यांनी, आपल्या दारात येतो. हेदवीकडच्या आमच्या घरी तो येणार आणि मी इथे रत्नागिरीत कुणाच्या तरी काखेत थर्मामीटर धरून उभी! आईने तर फोनवर सांगितलंच होतं, "नापास झालीस तर देवाला काय सांगू? मुलगी ड्युटीवर आहे?"

आणि मॅडम पुण्याच्या. निदान आम्ही तसंच धरून चाललो होतो. बोलणं इस्त्री केल्यासारखं, एका शब्दाला सुरकुती नाही. त्यांनी घातलेल्या चादरीचा कोपरा इतका धारदार असे, की त्यावर सुरमई कापता आली असती. त्यांच्या सँडलचा आवाज व्हरांड्यात आला, की ज्यांना बीपी नव्हतं त्यांनाही ते व्हायचं. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. एक सीनियर म्हणायची तिने पाहिलंय, पण त्या दिवशी तिला ताप होता.

तर पहिल्या सकाळी मी आजोबांपुढे वॉकर आणून ठेवला. ते ॲल्युमिनियमचं चार पायांचं घोडं.

"आजोबा, चला. उभं राहायचं."

"न्हाय."

"का हो?"

"पाय राखून ठेवलाय."

"कशासाठी?"

"पालखीसाठी. चौदा आण्यांचा पाय ग्येला, दोन आण्यांचा उरलाय. त्यो तुज्या ह्या फरशीवर कशाला खर्चू?"

खाटेशेजारी स्टुलावर आजी बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आयक गो त्याचं! थाळी सरळ कराय चढला तवा न्हाय पाय राखला."

आजोबांचं गणित पक्कं होतं. मोडलेल्या पायात ठरावीकच पावलं शिल्लक असतात. ती दवाखान्यात उडवली, तर पालखी दारात आल्यावर काय करायचं? त्यांच्या घरापुढे पालखी आली की पडवीवरून अंगणात उतरून नारळ द्यायचा, आणि साऱ्या वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं, हा मान त्यांचा. बापाकडून आलेला. डॉक्टर देशावरचे, सोलापूरकडचे. त्यांनी समजावलं, "आजोबा, चालल्याशिवाय घरी सोडणार नाही." आजोबा म्हणाले, "सोडू नका. पालखीच्या दिवशी सोडा, मंग दाखवतो." डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच आजोबांना जन्म दिला होता.

गाऱ्हाण्याचं म्हणाल तर त्याची प्रॅक्टिस वॉर्डात रोज चाले. मी इंजेक्शन घेऊन गेले, की आजोबा आधी हात जोडायचे.

"बा देवा म्हाराजा! ही पोरगी सुई घेऊन आलेली हाय, म्हाराजा!"

वॉर्ड म्हणायचा, "व्हय म्हाराजा!"

"हिचा हात नवा, माझं कातडं जुनं, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुई मोडली तर हिची मोडू दे, हाड माझं मोडलेलंच हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे कोकणी माणसाच्या हातात नाही. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो ना, तसंच हे. समोर कुणी गाऱ्हाणं घातलं, की तोंडातून होकार उडतोच. प्लॅस्टरमधली माणसं म्हणायची, वॉर्डबॉय मामा फरशी पुसता पुसता म्हणायचे. मी स्वतः सुई टोचता टोचता म्हणायची, त्यात माझ्याच सुईच्या वाइटाचं मागणं असलं तरी. डॉक्टर तेवढे गप्प. ते इकडेतिकडे बघायचे, की आपल्याला काही कळलं नाही ते गंभीर तर नाही ना.

मी आरोग्य शिक्षण देऊन पाहिलं. त्याशिवाय आमचं काहीच होत नाही. पेशंटला सर्दी झाली तरी चार्टपेपर लागतो. रंगीत खडूंनी मोठा सांगाडा काढला, खुब्याला लाल बाण, खाली 'हालचाल हेच जीवन'. आजोबांनी चार्ट डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि आजींना म्हणाले, "बग, ह्याला तुज्यासारखीच बायको असणार." पलीकडच्या खाटेवरचा खलाशी इतका हसला, की त्याच्या हाताचं प्लॅस्टर तडकलं. माझी रूममेट दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मी कंटाळून वॉकर परत न्यायला लागले होते, तेवढ्यात आजींचा फोन वाजला. धाकट्या दिराचा. स्पीकर चालू, कारण आजींना कानाला लावलेल्या फोनवर विश्वास नव्हता. "वहिनी, काळजी करू नका," फोन म्हणाला. "दादा नसला तरी पालखीचं अडत न्हाय. नारळ मी देईन, गाऱ्हाणं मी घालीन."

आजोबांनी डोळे मिटून घेतले होते, पण कान मिटता येत नाहीत. मी तो धागा उचलला. मुद्दाम उशीचा अभ्रा झटकत आजींना म्हटलं, "बरं झालं ना हो आजी. भाऊ आहेत म्हणून सोय झाली. आजोबा खुर्चीत बसतील, मांडीवर शाल. लांबून दर्शन."

"हो ना," आजी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या एका नजरेत आम्ही दोघींनी कट केला. "धाकल्याचा आवाज पण बरा हाय."

"बरा?" खाट गरजली. "गाऱ्हाणं घालता घालता त्याला शिंका येतात! देवाच्या तोंडावर शिंकणार ह्यो? आण गो तुजा घोडा!"

आणला. आजोबा उभे राहिले. पण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. क्रम असतो त्याला. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. मी ओरडायची "दुखरा!", ते चांगला टाकायचे. मी ओरडायची "चांगला!", ते थांबून विचारायचे, "आता ह्यात चांगला कुठला ऱ्हायलाय?"

तोडगा खलाशाने काढला. एका हाताने त्याने स्टीलचं ताट खाटेच्या कडेवर उभं धरलं, म्हणजे प्लॅस्टरमधल्या बोटांनी धरलं, आणि दुसऱ्याने चमच्याने पालखीच्या ढोलाचा ठेका धरला. धडाड् धिन् धा. धडाड् धिन् धा. आणि काय सांगू! वॉकर, दुखरा, चांगला. वॉकर, दुखरा, चांगला. ज्या पायांना माझी भाषा कळत नव्हती त्यांना ताटाची कळली. आजोबा दारापर्यंत गेले, वळले, परत आले. दुसऱ्या दिवशी मांडीला वजन लावून पडलेला एक कॉलेजचा पोरगा बेडपॅनवर झांज वाजवायला लागला. बेडपॅन रिकामं होतं, एवढं मी बघून घेतलं होतं. त्याच्याही पुढच्या दिवशी मामांनी फरशी पुसायच्या दांडक्याचा अब्दागीर, म्हणजे पालखीबरोबर मिरवतात ती छत्री, केला.

मग ते झालं. ठेका चढला, आजोबांना रंग चढला, आणि दाराशी वळताना त्यांनी वॉकर दोन्ही हातांनी उचलून खांद्याच्या वर नेला. पालखी नाचवतात तसा. एक क्षण आजोबा, देव आणि चार ॲल्युमिनियमचे पाय हवेत होते. माझा जीव जो वर गेला, तो अजून पूर्ण खाली आलेला नाही. मामांनी अब्दागीर टाकून त्यांना कमरेला धरलं. मी इतकी ओरडले, की शेजारच्या वॉर्डातली एक बाई बाळंत झाली म्हणतात. शेजारी डोळ्यांचा वॉर्ड होता, तरीसुद्धा.

"पुन्हा वॉकर उचललात ना," मी म्हटलं, "तर तुमच्या भावाला फोन करून शिंकेवरचं औषध सांगेन."

त्यानंतर कधी उचलला नाही.

आता दुर्दैव बघा. मी त्यांना इतकं चांगलं चालवलं, की डॉक्टर राऊंडला आले, दोन पावलं बघितली आणि म्हणाले, "छान! उद्या घरी." माझी परीक्षा परवा. माझी केस ताजी निघाली होती. रिकामी खाट मॅडमना कशी चालवून दाखवणार? माझा चेहरा पडलेला आजोबांनी पाहिला असावा, कारण त्यांनी एकदम पोट धरलं.

"डाक्टर, पोटात कायतरी हाय."

"काय होतंय?"

"गुडगुड."

"पोट साफ होतंय का?"

आजोबांना वाटलं, खरं सांगितलं तर आणखी एक दिवस मुक्काम मिळेल. ऑपरेशनपासून त्यांचा कोठा रुसलेलाच होता. "न्हाय," ते रुबाबात म्हणाले.

"सिस्टर," डॉक्टर माझ्याकडे वळले, "एनिमा द्या. उद्या बघू आणि परवा सोडू."

मुक्काम वाढला. पण किंमत कळल्यावर आजोबांनी माझ्याकडे जी नजर टाकली, तसली नजर बकऱ्यालाही जमणार नाही. पडदा ओढला. आत काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की पडद्याआडून एक हुंकार आला आणि पलीकडून खलाशाने, सवयीने, "व्हय म्हाराजा" म्हटलं.

परीक्षेच्या सकाळी वॉर्ड देवळासारखा लखलखत होता. सँडल वाजल्या. मॅडम आल्या. चादरीचा कोपरा बोटाने दाबून पाहिला, आजोबांची नखं पाहिली, टाके पाहिले. मला खुब्याच्या सांध्याबद्दल इतकं विचारलं, की सांध्यालाही स्वतःबद्दल तेवढं माहीत नसेल. निम्म्याला मी उत्तरं दिली. उरलेल्याला मी खोकले.

"पेशंटला चालवा," मॅडम म्हणाल्या.

आजोबा उठले. वॉकरवर हात ठेवले. आणि थांबले. ताट नव्हतं. मॅडमच्या भीतीने खलाशाने ताट उशीखाली लपवलं होतं, कॉलेजच्या पोराचं बेडपॅन खाटेखाली सरकवलं होतं. ठेक्याशिवाय आजोबांचे पाय म्हणजे बत्तीशिवायचा कंदील. त्यांनी चांगला पाय पुढे टाकायला उचलला. मॅडमच्या पेनाचं टोपण निघालं. मला आमच्या दारातली पालखी दिसली आणि त्या पालखीपुढे मी नसलेली दिसले.

आजोबांनी पाय पुन्हा खाली ठेवला. वॉकरला टेकून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गावाच्या, शिवेच्या, डोंगराच्या राखणदारा म्हाराजा!"

मग मामांकडून, दबक्या आवाजात, "व्हय म्हाराजा."

"ही पोरगी तुजं लेकरू हाय, म्हाराजा! हिला अक्कल थोडी, पण माया पुष्कळ हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा वॉर्ड.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "हे आत्ता..."

"हिच्यापायी मी नको नको ते सोसलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठा. सगळ्यांना पडदा आठवत होता.

"हिला आज पास कर, म्हाराजा! ही पास झाली, तर ही नि हिची मास्तरीण, दोघी जोडीनं तुज्या पालखीला नारळ घेऊन माज्या दारात येतील, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्या गजरात, माझ्या उजव्या कानाशेजारून, खणखणीत, आमच्याच मातीचा हेल काढून, एका बाईचा आवाज आला होता.

मी हळूच मान वळवली. मॅडमचं तोंड अजून उघडंच होतं. इस्त्री पार विस्कटली होती.

"कुठलं गो तू?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. वॉर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. मग पुटपुटल्या, "लांज्याच्या पुढं."

"तरी म्हणतो! पुण्याची असती तर 'बरं का' म्हणाली असती."

खलाशाने उशीखालून ताट काढलं. कुणाची परवानगी विचारली नाही. धडाड् धिन् धा. वॉकर, दुखरा, चांगला. आजोबा दारापर्यंत गेले, नववधूसारखे वळले आणि परत आले. मॅडमची सँडल फरशीवर ठेका धरत होती. ते त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी ती थांबवली.

"पास," त्या मला म्हणाल्या. "देवापुढे होकार गेलाय, मागे घेता येत नाही. पण किती मार्कांनी, हे गाऱ्हाण्यात नव्हतं." आणि त्यांनी मला पास व्हायला लागतात तेवढेच मार्क दिले. एक जास्त देऊन देवावर उपकार केले नाहीत.

मग काय, शिमग्यात आम्ही दोघी एसटीने संगमेश्वर आणि तिथून रिक्षाने वाडीत गेलो. मांडीवर एकेक नारळ. हेदवीला आमच्या दारात पालखी दोन दिवसांनी यायची होती. वाटेत मॅडमनी सांगितलं, की नोकरी लागल्यापासून त्या शिमग्याला घरी गेलेल्याच नाहीत, दर वर्षी कुणीतरी नापास होतं आणि त्यांना पोस्टिंगवर थांबावं लागतं. "मग नापास करता कशाला?" हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण मार्क कमी असलेल्या माणसाने प्रश्न कमी विचारावेत.

आजोबा पडवीवर उभे होते, धोतर-टोपी घालून. पालखी अंगणात आली, ढोल घुमला. खाली धाकटे भाऊ तयारच होते, हात पुढे करून, मान आला तर झेलायला. आजोबांपुढे चिऱ्याच्या तीन पायऱ्या, एका हातात काठी, दुसऱ्यात नारळ. धरायला हात उरला नाही. आणि त्यांनी चांगला पाय उचलला.

"दुखरा आधी!" मॅडम ढोलाच्याही वर आवाज चढवून ओरडल्या. "उतरताना दुखरा आधी! किती वेळा सांगायचं!"

"आधी सांगितलंय कुणी?" आजोबा ओरडले.

खरंच होतं. पायऱ्या मी शिकवल्याच नव्हत्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की मार्क अजूनही कमी होऊ शकतात.

तेवढ्यात आजोबांनी भावाला हाक मारली. "ये रे हिकडं. मान मागत होतास न्हवं? मान न्हाय, कोपर धर. घट्ट." भाऊ वर चढले, कोपर धरलं. दुखरा, चांगला. दुखरा, चांगला. दुखरा, चांगला. राखून ठेवलेला पाय अंगणाच्या मातीला लागला. नारळ दिला. आजोबांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू झालं. पावसाचं मागितलं, आंब्याच्या मोहोराचं मागितलं, मुंबईतल्या मुलांचं मागितलं. मॅडमचा होकार सगळ्यात वरचा होता. धाकटे भाऊ मध्येच शिंकले. आजोबांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं.

"आणि बा देवा म्हाराजा! तुज्या दारात उभं ऱ्हायाला मी नको नको ते सोसलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी गर्जली. मग गर्दीतून एका म्हातारीने विचारलं, "म्हंजे काय काय सोसलास रे?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पदर सावरला, डोळे मिटले आणि पालखीला असा लवून नमस्कार केला, की उत्तर द्यायला कुणी उरलंच नाही.